रायलीचा उजवा डोळा

इल्पो कार्पिनेनने आपल्या थोरल्या बहिणीच्या तोंडासमोर जो दिवा लावला, तो तिच्यासारख्यांसाठी नव्हताच. तो हिवाळ्यात ज्यांचं मन बसतं त्यांच्यासाठी असतो. दूर उत्तरेतल्या हाउकीवारा गावात नोव्हेंबर लागला की घरोघरी स्वयंपाकघराच्या टेबलावर असा एक पांढराफेक उजेडाचा पाट उभा राहतो आणि माणसं त्याच्या कडेला बसून कॉफी पितात. बाहेर सूर्य नावाला येतो आणि जेवणं उरकायच्या आत निघून जातो, तेव्हा ही सोय करावीच लागते. खोक्यावर स्वच्छ छापलेलं असतं की दिवा हातभर लांब ठेवा, थोडा तिरका ठेवा, थेट त्यात बघू नका. इल्पोने तो वीतभर अंतरावर ठेवला आणि रायलीला म्हणाला, "थेट बघ."

"काय रे, उलटतपासणी घेतोयस का माझी?" रायली म्हणाली.

"डोळ्यांना चांगलं असतं ताई. साखरवाल्यांच्या डोळ्यांना तर खास. शास्त्रज्ञ सांगतात."

"कुठला शास्त्रज्ञ? टायरवाला?"

हे तिने अंदाजाने म्हटलं आणि नेमकं लागलं. इल्पो गाडीला हिवाळी टायर चढवायला गॅरेजात गेला होता. तिथल्या बाकावर एक मासिक पडलेलं होतं आणि त्यात मधुमेह, डोळे आणि प्रकाश असा लेख होता. अंधारात साखरवाल्याच्या डोळ्याच्या पडद्याची उपासमार होते, प्रकाशाने ती टळू शकते, इथपर्यंत त्याने वाचलं. पुढे काही गोळ्यांची नावं सुरू झाली आणि तेवढ्यात मेकॅनिकने हाक मारली, "कार्पिनेन, गाडी झाली." दुसऱ्याचं मासिक खिशात घालणं इल्पोच्या रक्तात नव्हतं, आणि 'जरा थांब, वाचतोय' असं म्हणणं तर चारचौघांत लाजच. लेखाचा उरलेला अर्धा भाग बाकावर राहिला. त्यात काय असेल ते इल्पोने घरी येता येता स्वतःच ठरवून टाकलं. प्रकाश म्हणजे दिवा, आणि दिवा तर टेबलावर आहेच.

गोळ्याही आणल्या होत्या. एका डबीत झेंडूच्या फुलातला पिवळा अर्क, दुसरीत माशाचं तेल, तिसरीत रानातल्या निळ्या बेरीची भुकटी. रायलीने तिन्ही डब्या नाकाशी धरून वाचल्या.

"फ्रीजरात दोन बादल्या बेरी आहेत. मी वाकून वाकून वेचलेल्या. आणि तू तीच विकत आणलीस, वाळवून? आणि हा झेंडू. थडग्यावर लावायचा तो आधीच पोटात घालायचा बेत आहे का?"

इतकं बोलली, पण बसली. रोज सकाळी आणि संध्याकाळी कॉफीचा पेला हातात धरून त्या पांढऱ्या पाटात डोळे रोखून बसली. रायली कार्पिनेन कुणाचं ऐकणाऱ्यांतली नव्हती. ती निमूट बसते आहे म्हणजे घाबरली आहे, हे इल्पोला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिला साखर लागली ती अकराव्या वर्षी. त्या काळी काचेची सिरिंज असे आणि ती कॉफीच्या किटलीशेजारी वेगळ्या भांड्यात उकळावी लागे. आई बटाटे तराजूवर तोलून वाढायची, आणि धाकटा इल्पो आपल्यालाही तोलून द्या म्हणून रडायचा. तालुक्याच्या डॉक्टरने पोरीसमोरच आईला सांगितलं होतं की ही चाळिशीला आंधळी होईल, हिला हातांनी करायचं काहीतरी शिकवा, विणकाम वगैरे. रायलीने विणकामाच्या सुया चुलीत घातल्या आणि मोठ्या गाड्यांचा परवाना काढला. त्या डॉक्टरवरचा राग म्हणून काढला, की खरंच हौस होती, हे तिलाही सांगता येत नसे. पण तीस वर्षं ती नगरपालिकेची पुस्तकांची बस चालवत होती. आत दोन्ही भिंतींना फळ्या, पुढे तिची सीट, मागे लहान मुलांसाठी एक बाक. वाडीवाडीला, तळ्याकाठच्या एकेकट्या घरांना ती ठरल्या वारी पुस्तकं पोचवायची. कोणाला काय हवं ते विचारायची नाही. हातात ठेवायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

डाव्या डोळ्यात अडतिशीत रक्त उतरलं. लेझर झालं, डोळा राहिला, पण राहिला म्हणजे खिडकी कुठे आहे ते कळण्यापुरता. उजव्यावर सगळा कारभार चालला, परवानाही जुना म्हणून टिकला. चाळिशीच्या वाढदिवशी तिने त्या जुन्या डॉक्टरच्या नावाने केक कापला होता. तो बिचारा तेव्हा वारलेला होता, म्हणून त्याच्या वाटणीचा तुकडा इल्पोने खाल्ला.

आता ती एकोणसाठची होती. शरद ऋतूतल्या तपासणीत उजव्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटताना दिसल्या होत्या. डॉक्टरने सांगितलं होतं, जानेवारीत परत या, मधे काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी या. जानेवारीतच परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागणार होता. आणि नगरपालिका उघडच म्हणत होती की रायली आहे तोवर बस आहे, पुढचं पुढे बघू. या 'पुढे बघू'चा अर्थ हाउकीवारात सगळ्यांना कळतो. शाळा तशीच गेली, टपाल कचेरी तशीच गेली.

दिव्यापुढे आठवडाभर बसल्यावर तिचे डोळे गळायला लागले. डोकं ठणकायला लागलं. मग एका सकाळी पेला खाली ठेवून ती म्हणाली, "इल्प्या, तुझा दिवा घाल पोत्यात. डोळ्यापुढे धागे नाचायला लागलेत."

"धागे?"

"काळे. कोळ्याच्या जाळ्यासारखे. दिव्याकडे बघून बघून झालंय. दोन दिवसांत जातील."

इल्पोने खोकं शोधून काढलं आणि आता कुठे त्यावरचं वाचलं. मग तो बाहेर गेला आणि सरपण फोडत बसला. त्यांच्याकडे चूक कबूल करायची हीच पद्धत. माणूस तोंडाने माफी मागत नाही, लाकडाची रास उंच होत जाते. त्या वर्षी कार्पिनेनांच्या शेडमधली रास छपराला लागली.

दोन दिवसांत धागे गेले नाहीत. रायली म्हणे, कमी आहेत. आरोग्य केंद्रातली नर्स सातू बसमध्ये पुस्तकं परत करायला आली तेव्हा तिने बघताच विचारलं, "रायलीताई, डोळा चोळताय का सारख्या?"

"भावाने दिवा लावला माझ्या डोळ्यात. हिवाळ्याचा. वीतभर अंतरावर."

सातू हसली. अख्ख्या हाउकीवारात ती गोष्ट पसरली होती आणि सगळे हसले होते. "इल्पोभाऊंना सांगा, पुढच्या वेळी सूर्यच आणा म्हणावं." मग हसणं आवरून म्हणाली, "पण गेलं नाही तर मला फोन करा हां. लगेच."

"करते की," रायली म्हणाली आणि तिच्या हातात पुस्तक ठेवलं. सातूने घरी जाऊन बघितलं, तर ते तिने गेल्याच महिन्यात वाचून परत केलेलं होतं. तिला वाटलं, बाईंचं वय झालं.

इल्पोचं काम बर्फ ढकलायचं. ट्रॅक्टरला फाळ लावून तो गावच्या आडरस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारायचा. बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबरात, तो रस्त्याच्या दोन्ही कडांना छातीइतक्या उंच काठ्या रोवून ठेवायचा, वर चमकती पट्टी लावून. एकदा सगळं पांढरं झालं की रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो ते या काठ्यांवरूनच कळतं. तर डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला दिसलं की काठ्या मोडताहेत. उजव्या कडेच्या; तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. एकीआड एक नव्हे, ओळीने. कुठे वाकलेली, कुठे वरची पट्टीच गेलेली.

"दारू पिऊन गाड्या हाणतात कार्टी," तो जेवताना म्हणाला. "माझ्या काठ्या काय त्यांच्या बापाच्या आहेत?"

रायली वाटाण्याचं सूप ढवळत होती. "असेल बाई," म्हणाली. वर बघितलं नाही.

बुधवारी एका रस्त्यावरच्या मोडल्या, गुरुवारी दुसऱ्या. शनिवारी-रविवारी, जेव्हा कार्टी खरोखर पितात, तेव्हा एकही मोडली नाही. ट्रॅक्टरवर बसून इल्पोने हे पाहिलं आणि ट्रॅक्टर थांबवला. बुधवारचा रस्ता आणि गुरुवारचा रस्ता कोणाचा, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तरी त्याने ते मनात पुरतं उच्चारलं नाही. पुढच्या गुरुवारी ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकलाय अशी थाप मारून तो बसमध्ये चढला.

"मला उर्होकाकांकडे सोड. त्यांच्याकडे करवत आहे माझी."

"बस मागे," रायली म्हणाली.

तो मागे बसला नाही. पुढे, तिच्या शेजारी, खालच्या पायरीवर उभा राहिला. दुपारचे तीन वाजायचे होते आणि बाहेर निळसर काळोख होता. बस हळू चालली होती, सायकलच्या वेगाने. रायलीने मान थोडी उजवीकडे कलती धरली होती, जशी शेजारच्या खोलीत कोण काय बोलतंय ते ऐकताना माणूस धरतो.

टक.

उजव्या बाजूच्या आरशाला काठी लागली. मग थोडं सरळ. मग पुन्हा टक. बस जराशी डावीकडे सरकली. काही क्षण आवाज नाही, तशी रायलीचा हात अस्वस्थ झाला, चाक किंचित उजवीकडे वळलं, आणि टक.

काठ्या चुकून लागत नव्हत्या. ती त्यांना शोधत होती. रस्ता दिसत नव्हता म्हणून ती त्याची कड ऐकत होती. त्याने ऑक्टोबरात मोजूनमापून रोवलेल्या काठ्यांना धरून ही बाई बारा टनांची गाडी चालवत होती.

"ताई," तो म्हणाला. आवाज चढू दिला नाही. "किती दिसतंय?"

"दिसतंय तेवढं पुरे आहे."

"ताई."

"रस्ता पाठ आहे मला. तू जन्मायच्या आधीपासून—"

"मी जन्मलो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. थांबव."

"उर्होकाकांच्या फाट्यावर थांबवते."

पुढच्या काठीशेजारी आणखी एक काठी होती आणि ती जाड होती. बसच्या उजेडात इल्पोला त्या काठीला लटकलेली पिशवी दिसली. हातात पिशवी घेऊन उर्होकाका रस्त्याच्या अगदी कडेला येऊन उभे होते. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून कोटाला लावलेला चमकता बिल्ला नेहमीसारखा खिशाच्या झाकणाखाली गेलेला. बस उशिरा आली म्हणून फाट्यापासून पुढे चालत आलेले. रायलीचं चाक कडेकडे वळत होतं, पुढची टक शोधत.

"ब्रेक," इल्पो म्हणाला.

तिने का म्हणून विचारलं नाही. दाबला. मागच्या फळ्यांवरची पुस्तकं धडाधड खाली आली आणि बस बर्फावर थोडी घसरून थांबली. इल्पोला ब्रेकपेक्षा याचीच जास्त भीती वाटली, की तिने विचारलं नाही. जी बाई कॉफीत दूध घालू का विचारल्यावरही का म्हणून विचारते, ती एका शब्दावर थांबली.

उर्होकाकांनी आरशावर पिशवीने टकटक केलं. आरसा त्यांच्या कानापासून हातभरावर होता. "आज इथेच दुकान मांडलं का? बरं केलंस. फाट्यापर्यंत परत चालायला नको."

आतल्या दिव्यात इल्पोने बहिणीकडे पाहिलं. ती चाक धरून अजून समोरच बघत होती.

"उर्होकाका ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"कुठे होते?"

"कडेला."

बराच वेळ इंजिन चालू राहिलं. मग तिने दंडावरच्या बिल्ल्यासारख्या यंत्रावर फोन टेकवून साखर बघितली, म्हणजे फोन इल्पोपुढे धरला. "वाच. खाली आली असेल."

साखर ठीक होती. ते निमित्तही गेलं.

बस रस्त्यात सोडता येत नव्हती आणि इल्पोकडे मोठ्या गाडीचा परवाना नव्हता, ट्रॅक्टरचा आणि साध्या गाडीचा होता. शेवटी तो बॅटरी घेऊन खाली उतरला आणि उर्होकाकांच्या अंगणाकडे उलटा चालू लागला. रायलीने त्याच्या उजेडामागे बस आणली, माणसाच्या चालीने. अर्ध्यात तिने काच खाली केली.

"इल्प्या, डोळ्यात नको मारूस. एकदा मारलास तेवढा पुरे."

अंगणात तिने किल्ली फिरवली आणि बस गप्प झाली. इल्पोने सातूला फोन लावला. सातू या वेळी हसली नाही. तिने विचारलं, धागे वाढलेत का, धूर दिसतोय का, पडदा आल्यासारखं वाटतंय का. प्रत्येक प्रश्न इल्पोने मोठ्याने परत विचारला आणि प्रत्येकाला रायलीने होकाराची मान हलवली. "सरळ कायानीच्या मोठ्या रुग्णालयात न्या," सातू म्हणाली. "मी तिथे कळवते. वाकू देऊ नका, काही उचलू देऊ नका, डोकं वर. आत्ता निघा."

गाडी उर्होकाकांची. म्हातारा स्वतः चालवत नव्हता, तरी रोज दुपारी तिच्या इंजिनाला विजेची वायर लावून ती गरम ठेवायचा, कोणाला कधी लागेल म्हणून. किल्ली देताना मात्र त्यांनी हात थोडा मागे धरला. "कादंबरीचा दुसरा भाग आणलास का माझा? पहिला संपवून मी चार दिवस बसलोय. त्या डॉक्टरणीला मारलं कोणी?"

"आणलाय काका. मागच्या फळीवर..." रायली सवयीने उठली आणि खाली पडलेल्या पुस्तकांकडे वाकायला लागली.

"वाकायचं नाही म्हणालीय सातू," इल्पोने तिचा दंड धरला.

"तो खून माझ्या छातीवर बसलाय," उर्होकाका म्हणाले, पण किल्ली दिली. "जा. आल्यावर दे. पण दे."

कायानीची वाट दीड तासाची. रायली मान ताठ ठेवून बसली होती, फोटो काढायला बसल्यासारखी. मधे मधे ती डावा डोळा हाताने झाकायची, मग उजवा, मग दोन्ही उघडायची. इल्पो रस्ता बघत होता आणि कानाने तिच्या हाताची हालचाल टिपत होता.

"आता?" त्याने विचारलं.

"पाण्यात शाई सोडल्यासारखं. खालून वर येतंय." थोड्या वेळाने म्हणाली, "समोरून गाडी येतेय ना?"

"ट्रक."

"मला नुसतं भगभगीत तांबडं दिसतंय."

इल्पोने वेग वाढवला. मग बर्फ आठवून कमी केला. मग परत वाढवला. "दुखतंय का?"

"दुखत नाही तेच वाईट. दुखलं असतं तर माणूस गेला असता की डॉक्टरकडे." आणि पुढच्या वळणानंतर, अगदी साध्या आवाजात, "इल्पो, दोन्ही गेले तर मला घरात चुलीकडची खोली दे."

तिने त्याला लहानपणापासून इल्प्याच म्हटलं होतं. चुलीकडची खोली त्याची होती. तो गाडी चालवत राहिला.

रुग्णालयात डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पायात लोकरी मोजे घातलेली. तिने थेंब घातले, हनुवटी टेकवून आत पाहिलं, आणि खूप वेळ पाहिलं. कच्ची नळी फुटली होती. रक्त आत पसरलं होतं, पण पडदा अजून जागेवर होता. त्या गढूळातून जेवढे मारता आले तेवढे लेझरचे ठिपके तिने मारले, डोळ्यात एक इंजेक्शन दिलं. इल्पो दाराबाहेरच्या खुर्चीवर बसला होता. आतून रायलीचा आवाज येत नव्हता, आणि त्याला तो यावा असं वाटत होतं, निदान एखादी शिवी.

नंतर डॉक्टरने त्याला आत बोलावलं. इल्पो उभाच राहिला आणि म्हणाला, "माझ्यामुळे झालं." मग दिवा, गोळ्या, गॅरेज, सगळं सांगून टाकलं. आयुष्यात एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता.

"दिव्याने रक्तवाहिनी फुटत नाही," डॉक्टर म्हणाली. "डोळे दुखतात, पाणी येतं, एवढंच. आणि तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही. अंधारात डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणून रात्री झोपेत पापण्यांवर अगदी मंद उजेड ठेवून बघितलाय लोकांनी. काही जण लाल प्रकाशाचे प्रयोग करताहेत. लहान प्रयोगांत थोडा फायदा दिसला, मोठ्यात दिसला नाही. काम चालू आहे. तुमच्या टेबलावरचा दिवा मात्र त्यातला नाही."

"आणि गोळ्या? झेंडू?"

"मला दाखवा, मग घ्या हव्या तर. बेरी खा, चांगल्याच असतात. पण फुटलेली नळी बेरीने बुजत नाही."

इल्पोच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. तेवढ्यात तिने पुढचा प्रश्न विचारला. "धागे कधीपासून दिसताहेत?"

"दोन आठवडे," इल्पो म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "त्याच दिवशी आला असता तर मला आत स्वच्छ दिसलं असतं. लेझर पुरतं झालं असतं. कदाचित ही मोठी फूट झालीच नसती. का थांबलात?"

"आम्हाला वाटलं, दिव्यामुळे आहे," इल्पो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की दिव्याने डोळ्याला केलं नव्हतं ते या समजुतीने केलं.

रायलीच्या डोळ्यावर पट्टी होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "तुम्हाला वाटलं," ती म्हणाली. "मला नव्हतं वाटलं."

डॉक्टर आणि इल्पो दोघेही तिच्याकडे बघू लागले.

"डाव्याच्या वेळी असेच आले होते. अगदी असेच, जाळ्यासारखे. पहिल्या दिवशीच ओळखले मी. पण दाखवायला आले असते तर परवाना गेला असता. परवाना गेला असता तर बस गेली असती. आणि इकडे सगळं गाव ह्याच्या दिव्याला हसत होतं. आयतं निमित्त. म्हटलं, जानेवारीपर्यंत ढकलू."

परतीच्या वाटेवर, अर्ध्याहून जास्त रस्ता गेल्यावर, इल्पो म्हणाला, "दोन आठवडे मी लाकडं फोडतोय. अपराध वाटून."

"बघत होते मी."

"मग सांगायचं नाहीस?"

"सरपण लागतंच की रे." आणि मग, तोंड खिडकीकडे करून, "उर्होकाका किती लांब होते? खरं सांग."

"हातभर," तो म्हणाला.

घरी आल्यावर खिशातली बसची किल्ली काढून तिने त्याच्या हातात ठेवली. नगरपालिकेला फोन तिनेच केला, दुसऱ्या दिवशी, आणि काठ्यांचंही सांगितलं. तिकडून काय बोलणं झालं ते इल्पोला कळलं नाही. ती तीन-चारदा नुसतं "बरं" म्हणाली. जड गाडीच्या दाखल्यावर डॉक्टर आता सही करणार नव्हती, डोळा निवळला तरी. बस न्यायला नाताळानंतर माणूस येणार होता. पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले.

ती चुलीकडच्या खोलीत, उशांना टेकून, बसल्या बसल्या झोपू लागली. इल्पो आपलं अंथरूण घेऊन वरच्या गार खोलीत गेला. शनिवारी वाफेने न्हायचा सौना तापला आणि रायलीला जायची बंदी होती, तेव्हा ती बाहेर पायरीवर बसून आतल्या इल्पोला शिव्या देत राहिली, तापल्या दगडांवर पाणी जास्त टाकतोस म्हणून.

डोळा निवळायला लागला, पण त्याच्या चालीने. आधी खिडकीची चौकट आली. मग चौकटीबाहेर काहीतरी पांढरं आहे हे आलं. निवळेल, किती निवळेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली होती आणि तपासणीला गेल्यावर पुन्हा तेच म्हणाली.

उर्होकाकांचा दुसरा भाग इल्पोने बसमधून शोधून आणला होता. तो लगेच त्यांच्याकडे टाकायला निघाला, तर रायलीने अडवलं. "इकडे दे." नाव तिला पाठच होतं, म्हणून तिने पहिलं पान उघडायला लावलं. सकाळी खिडकीत उजेड आला की ती पहिली ओळ उजव्या डोळ्यासमोर धरते. जवळ, लांब, तिरकी. ती वाचता आली की पुस्तक जाणार, असं तिने ठरवून टाकलंय. इल्पोने ती ओळ वाचलेली आहे, पण त्याला तोंड उघडायची बंदी आहे.

फोन रोज वाजतो.

"गाडी दिली, पेट्रोलसकट दिली," उर्होकाका म्हणतात. "आणि माझं पुस्तक तू अडवून बसलीयस."

"अडवलं नाही काका. वाचतेय."

"अख्खं?"

"एक ओळ."

"मग इल्पोला म्हणावं वाचून दाखव तुला आणि दे पाठवून. म्हातारा माणूस आहे मी. खुनी कळायच्या आत गेलो तर?"

"जाऊ नका," रायली म्हणाली आणि फोन टेबलावर तसाच चालू ठेवून पान खिडकीकडे धरलं. खूप वेळ धरलं. इल्पो चुलीत लाकूड सारता सारता थांबला.

"'पाऊस'," ती म्हणाली. "पहिला शब्द पाऊस आहे."

इल्पोने मान हलवली. मग तिला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "हो."

"दुसरा?"

"तू सांग."

तिने पान आणखी जवळ घेतलं, मग लांब केलं. फोनमधून उर्होकाकांचा श्वास ऐकू येत होता.

"काका," ती म्हणाली, "अजून थोडं थांबा."